तीन नंबर वॉर्डचे पट्टे

९ फेब्रुवारी

धाकटे,

सहा वर्षांनी लिहितेय. कशी आहेस, असं विचारायला मला तोंड नाही, म्हणून ते सोडून देते.

पत्ता आपल्या मनोरुग्णालयाच्या जुन्या गाडीवाल्याने दिला. तो हल्ली तुमच्या शहरात माल पोचवतो. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्याबाहेर त्याने तुला पाहिलं म्हणे. "धाकट्या सिस्टर फार वाळल्यात," म्हणाला. हाक मारली तर तू मान फिरवून चालू लागलीस, हेही म्हणाला. मी त्याला चहा पाजला आणि पत्ता लिहून घेतला. मग दोन आठवडे तो कागद गणवेशाच्या खिशात तसाच. धुण्यात जाता जाता वाचला.

तर कारण सांगते. तीन नंबर वॉर्डातले पट्टे मी सोडलेत.

बायकांच्या वॉर्डातल्या खाटांना रुग्णांना बांधायचे जे कातडी पट्टे होते, ज्यांच्यावरून तू पहिल्या दिवसापासून माझ्याशी भांडलीस, ते आज बत्तीसपैकी तीस खाटांवर नाहीत. उरलेल्या दोघींना फक्त दुपारी जेवण वाढेपर्यंत बांधतो, कारण तेव्हा माणसं कमी पडतात. तू अकरा जणींना मोकळं केलं होतंस. तुला चार महिने लागले होते, तेही मी आडवी येत असताना. मला तिसांसाठी चौदा महिने लागले आणि आडवं कोणी नव्हतं. तेव्हा फुशारकी मारायला जागा नाही.

टेलरबाई अजून आहे. तू सगळ्यांत आधी जिला सोडलंस ती. आता खिडकीपाशी बसून बोथट सुईने उशांचे अभ्रे शिवते. टाके वाकडे येतात, पण शिवते. रोज सकाळी विचारते, "धाकटी कुठाय?" मी सांगते, रजेवर आहे. परवा म्हणाली, "एवढी रजा मंजूर कोण करतं?" सगळ्या मावश्या हसल्या. मलाही हसू आलं, आणि मग बराच वेळ औषधांचा ट्रे उगाचच पुसत बसले.

यात देवाबिवाचं काही नाही, हे आधीच सांगून ठेवते. तू गेल्यावर मी काही हात जोडून उभी राहायला लागलेले नाही. छप्पन्न संपलं. गुडघे कुरकुरतात. या वयात माणूस सुधारत नाही, दमतो फक्त.

उत्तर यावं असं काही नाही. (हे खोटं आहे, पण असू दे.)

ताई


२ मार्च

धाकटे,

उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच. तरी लिहितेय, कारण इथे कोणाशी बोलायची सोय नाही. मी मुख्य सिस्टर. मावश्यांपुढे रडगाणं गायचं नाही आणि वरिष्ठांपुढे तर नाहीच.

सुरुवात कशी झाली ते सांगते. तू गेल्यावर आठवड्याभरात सगळे पट्टे परत लागले. मीच लावले. मग चार-साडेचार वर्षं तशीच गेली. एके दिवशी टेलरबाईच्या डाव्या मनगटाला पट्ट्याखाली जखम चिघळली. डॉक्टर म्हणाले, चार दिवस मोकळं ठेवा. पाचव्या दिवशी मी पट्टा घेऊन गेले. तिने माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हात पुढे केले. लहान पोर स्वेटर घालून घ्यायला करतं ना, तसे. ती ओरडली असती, लाथ मारली असती, तर मी निमूट बांधलं असतं. त्याची मला सवय आहे. पण तिने हात पुढे केले. मी पट्टा घेऊन परत कपाटाशी गेले आणि नोंदवहीत लिहिलं, "जखम पूर्ण भरलेली नाही." भरली होती.

एवढंच झालं. आकाशवाणी वगैरे काही झाली नाही.

पण खरं सांगायचं तर तेव्हा तुझा आवाज कानात होता. पहिल्यांदा तू तिचे पट्टे काढलेस तेव्हा जुने अधीक्षक तरातरा आले होते. "कोणाच्या हुकमाने सोडलंत?" तू म्हणालीस, "वरून हुकूम आला." त्यांनी खरोखर छताकडे बघितलं आणि म्हणाले, "वर तर कपड्यांची कोठी आहे." मावश्या हसून हसून बेजार. तू मात्र हसली नव्हतीस. मी तुला बाजूला घेऊन झापलं, की देवाचं नाव घेऊन माझी नोकरी घालवू नकोस. तू काय म्हणालीस ते आठवतं का? म्हणालीस, "ताई, देव मला दिसत नाही. हिचं मनगट दिसतं. ते एकदा दिसलं की मला दुसरीकडे बघायची मुभा राहत नाही. त्यालाच मी देव म्हणते, तुला दुसरं काही म्हणायचं तर म्हण."

मला दुसरं काही सुचलं नाही. आजही सुचलेलं नाही.

माझा देव आईच्या आजारपणात संपला. तुझा तिथेच सुरू झाला, हे मला कधी उमगलंच नाही. आई शेवटी भ्रमात होती, अंगावरचं सगळं ओरबाडायची. मी नुकती नर्स झालेले, मोठी शहाणी. मी अभ्र्याच्या पट्ट्या करून तिचे हात खाटेला बांधले. तू चौदा वर्षांची. मी कामावरून आले तर हात सोडलेले, आणि तू तिच्या दोन्ही तळव्यांवर आपले तळवे ठेवून बसलेली, सकाळपासून, न जेवता. तुझ्या हातांवर ओरखडे होते. मी तुला थप्पड मारली होती. तेव्हा वाटलं, पोरीला कळत नाही.

तुझ्यासारख्या लोकांचा मला राग यायचा, तोही लिहूनच टाकते. तुम्हाला देव सांगतो आणि काम आमच्या अंगावर पडतं. बांधलेली बाई दोन माणसांत सांभाळता येते. मोकळ्या बाईला पाच लागतात. तिला फिरवायचं, तिच्याशी बोलायचं, ती कुठे गेली ते बघायचं, दुसरीच्या ताटात हात घालते का ते बघायचं. वॉर्डातली थोरली मावशी परवाच म्हणाली, "पुण्य तुमचं आणि कंबर आमची." मी म्हटलं, मावशी, पुण्याचं मला माहीत नाही, कंबर माझीही गेलीय.

आता वाईट बातमी. मागच्या आठवड्यात एका बाईने खिडकीची काच फोडली आणि एका मावशीच्या तळहाताला सात टाके पडले. वरपर्यंत तक्रार गेली. एप्रिलमध्ये समिती बसणार आहे, पट्टे परत लावायचे की नाहीत ते ठरवायला. नव्या अधीक्षक बाई तरुण आहेत, भल्या आहेत, पण त्यांच्या टेबलावर ती जुनी फाईल आलीय. मास्तरणीची, तू सोडलेल्या अकरा जणींतल्या.

तिच्या मृत्यूचा कागद समोर असला की माझ्या तीस बायकांचं कोण ऐकणार? मोकळी सोडली आणि कालव्यात बुडून मेली. एका ओळीत खटला संपतो.

त्या चौकशीबद्दल तुझ्या मनात काय आहे मला माहीत नाही. मला तेव्हा विचारलं तेवढंच मी सांगितलं.

ताई


२१ मार्च

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. सहा ओळींचं. कितीदा वाचलं ते सांगत नाही.

तू लिहितेस, मी आता प्रार्थना करत नाही. खोक्यांच्या घड्या घालते, दिवसाला नऊशे, आणि डोकं रिकामं ठेवते. लिहितेस, देवाने सांगितलं असं मला वाटलं होतं आणि त्या वाटण्यापायी एक बाई मेली. लिहितेस, त्या सकाळी चादरी घेऊन धोबीखान्यामागच्या दारातून मीच गेले होते, कुलूप लावल्याचं आठवतं, पण इतक्या जणांनी इतक्यांदा विचारलं की ते खरंच आठवतं की मी मनाची समजूत घातली तेच कळेनासं झालं. आणि शेवटी, "ताई, तू सोडतेस ते चांगलं करतेस. पण माझं नाव घेऊन सोडू नकोस."

मला वाटत होतं तू माझ्यावर रागावून बसली आहेस. सहा वर्षं मी तोच हिशेब धरून चालले होते, आणि खरं सांगते, त्यात थोडी सोय होती. रागावलेल्या माणसाला देव असतो, त्याची बाजू असते. तुझ्याकडे काहीच उरलं नाही, हे मला माहीत नव्हतं.

आज पुढे लिहवत नाही. दोन दिवस दे.

ताई


२३ मार्च

धाकटे,

हे पत्र बसून वाच.

कुलूप तू लावलं होतंस.

त्या दिवशी दीडच्या सुमाराला मी धोबीखान्यामागच्या दाराशी गेले तेव्हा ते नीट लावलेलं होतं. मी ओढूनही बघितलं, सवयीने. मग माझ्या किल्लीने काढलं आणि बाहेर गेले. बाहेर भिंतीची सावली असते आणि पाण्याचा नळ आहे. तू अकरा जणींना मोकळं केल्यापासून माझी पावलं दुपारपर्यंत पावासारखी फुगायची. मी बूट काढले, बादलीत पाय घातले आणि बसले. दहा मिनिटं, फार तर पंधरा. तुला मनात शिव्या देत होते, तेही सांगते.

आत येताना दार लोटलं. कुलूप लावलं नाही. पाच वाजता पाळी संपण्याआधी पुन्हा येऊन बसायचं, असा विचार होता. परत किल्ली काढा, वाका, लावा, कंटाळा आला. बस्स, एवढंच. यापेक्षा मोठं कारण मी सहा वर्षं शोधतेय, सापडत नाही.

अडीचला मास्तरीण तिथून बाहेर पडली. ती कुठे निघाली होती ते कोणालाच कळलं नाही. कालवा पाचशे पावलांवर. बाकी तुला माहीत आहे. तूच तिला पाण्यातून ओढून काढलंस.

चौकशीत त्यांनी मला विचारलं, "दाराची जबाबदारी कोणाची?" मी म्हणाले, "ज्याचं त्या दिवशी तिकडे काम असेल त्याची." आणि तुझ्या नावाने चादरींची नोंद होती. शब्दाने मी खोटं बोलले नाही. असं मी स्वतःला सांगत आले. मग त्यांनी विचारलं, पट्टे कोणी सोडले, तर मी तुझं नाव घेतलं, तेही खरंच होतं. तू समोरच्या बाकावर बसली होतीस. तू माझ्याकडे बघितलंस. मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत राहिले.

तुला काढून टाकलं. मला वाटलं, तुझं वय अजून आहे, दुसरीकडे नोकरी मिळेल, आणि तुझ्याकडे तुझा देव आहे, तो निभावून नेईल. माझ्याकडे तेही नव्हतं. अशी मी तुझ्या श्रद्धेवर टेकून उभी राहिले, आणि तुझीच श्रद्धा तेवढ्यात मोडली.

तुझ्या देवाची चूक झाली नव्हती, धाकटे. माझे पाय दुखत होते.

समितीपुढे मी हे सांगणार आहे. तुझ्यासाठी, असं म्हणायचा मला हक्क नाही. मी बोलले नाही तर त्या फाईलच्या जोरावर पट्टे परत येतील, आणि ते बांधायला मलाच जावं लागेल. टेलरबाई पुन्हा हात पुढे करेल.

ताई


१३ एप्रिल

धाकटे,

समिती झाली. अधीक्षक बाईंच्या खोलीत, लांब टेबल, पाच जण. मधे एक निवृत्त न्यायाधीश, पांढऱ्या भुवयांचे, ऐकायला कमी येतं म्हणून दर वाक्याला पुढे वाकायचे. आधी काच फुटल्याचं झालं. मग जुनी फाईल उघडली. एक जण म्हणाला, "मोकळं सोडण्याचे परिणाम आपण एकदा पाहिलेच आहेत." तेव्हा मी उभी राहिले.

न्यायाधीशांना अर्धं ऐकू गेलं नाही, त्यामुळे "कुलूप मी काढलं होतं" हे मला तीनदा म्हणावं लागलं. तिसऱ्यांदा जवळजवळ ओरडून. बाहेर व्हरांड्यात मावश्या बसल्या होत्या, त्यांनीही ऐकलं.

ते म्हणाले, "हे तेव्हा का सांगितलं नाहीत?"

"भीती वाटली."

"आणि आता वाटत नाही?"

"वाटते, साहेब. पण त्या बाईंचा जीव उघड्या दारामुळे गेला, मोकळ्या हातांमुळे नाही. आणि दार मी उघडं टाकलं. माझ्या चुकीपायी तीस जणींना परत बांधू नका."

त्यांनी बराच वेळ लिहिलं. मग विचारलं, "तुमच्या बहिणीने हे कोणत्या पद्धतीनुसार सुरू केलं होतं? काही प्रशिक्षण?"

मी काय सांगणार? म्हटलं, "ती देव मानायची."

टेबलावर कोणी हसलं नाही, पण कोणी लिहूनही घेतलं नाही.

त्यानंतर थोरल्या मावशीला बोलावलं. मला वाटलं, झालं, आता ही कंबरेचं गाऱ्हाणं काढणार. तिने काढलंच. एकेका बाईला उचलताना किती त्रास होतो, सुट्टीच्या दिवशी दोघीच कशा पुरतो, सगळं सांगितलं. अधीक्षक बाईंनी विचारलं, "मग पट्टे परत लावू या का?"

मावशी म्हणाली, "नको."

"का?"

"धाकट्या सिस्टरनी आम्हाला देवाचं नाव घेऊन गळ घातली होती. तेव्हा मला रागच आला होता. म्हटलं, हिचा देव, तर हिनेच येऊन गू काढावा. तर ती काढायची. आमच्या आधी येऊन काढून ठेवायची. मग आम्हाला लाज वाटायला लागली." पुढे म्हणाली, "आता सवय झाली, बाई. चौदा महिन्यांत बायका हाताने जेवायला शिकल्या. आता बांधायला हात होत नाही. माणसं वाढवा तेवढी."

जिच्या हाताला सात टाके पडले ती मावशीही बाहेरच होती. तिला विचारलं. ती फक्त म्हणाली, "काचा बदला, जाळ्या लावा."

निकाल असा. पट्टे लागणार नाहीत, एक वर्षासाठी. चार माणसं वाढवणार, खिडक्यांना जाळ्या बसवणार, वर्षाने पुन्हा पाहणार. मला वॉर्डातून काढलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत घरी. पुढे काय ते ठरेल. अधीक्षक बाई मला दारापर्यंत सोडायला आल्या. "सावकाश जा, पायऱ्या ओल्या आहेत," एवढंच म्हणाल्या.

निघताना टेलरबाईला सांगितलं, मी काही दिवस येणार नाही. ती सुईत दोरा ओवत होती. वर न बघता म्हणाली, "तुम्ही पण रजेवर का? तुमच्या घराण्यात कामाची आवड कमीच दिसते."

तर मी घरी आहे. सकाळी उठते आणि गणवेशाकडे हात जातो. मग परत बसते. तुझ्या जुन्या फाईलवर नवा शेरा लिहून मागितलाय, की दार तुझ्याकडून उघडं राहिलं नव्हतं. त्याची प्रत मिळाली की पाठवते. त्याने काही परत येणार नाही, मला कळतं.

ताई


२९ एप्रिल

धाकटे,

तुझं कार्ड आलं. "वाचलं. राग अजून आला नाही. येईल तेव्हा लिहीन." ठीक आहे. येईल तेव्हा लिही. मी इथेच आहे.

आज मी मास्तरणीच्या नवऱ्याकडे जाऊन आले. समितीने त्यांना कागद पाठवला असता, पण कागदावरून कळणं बरं नाही. तू त्यांना पाहिलंयस. दर रविवारी यायचे ते, घड्याळं दुरुस्त करणारे, काखेत पिशवी धरून खाटेच्या कडेला अवघडून बसायचे. अजून त्याच दुकानात आहेत. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. एक टेबल, एक दिवा, भिंतीवर वीसेक घड्याळं आणि प्रत्येकात वेगळी वेळ. डोळ्याला भिंग लावून बसले होते. भिंग काढलं तरी मला ओळखायला वेळ लागला.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. नळ, बादली, कुलूप. त्यांनी हातातला चिमटा कापडावर ठेवला, सरळ केला, पुन्हा सरळ केला.

मग म्हणाले, "सहा वर्षं मी तुमच्या बहिणीला शिव्या दिल्या. रोज. दुकान उघडताना. आता त्या तुम्हाला द्यायच्या, असं झालं."

मी म्हटलं, "द्या."

"नाही होत," म्हणाले. "दमलो मी. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला नको वाटतं."

त्यांनी मला स्टूल दिलं. मी बसले. आम्ही दोघं बसलो होतो, गिऱ्हाईक येऊन पट्टा बदलून गेलं तरी मी तिथेच. उठावं असं वाटत होतं आणि उठवत नव्हतं. मला क्षमाबिमा नको होती, एवढं मात्र लिहिते. मागायचं माझ्या डोक्यातही नव्हतं.

मग ते म्हणाले, "तुमच्या बहिणीने तिला सोडलं तेव्हा मी भांडायला आलो होतो, माहीत आहे का? म्हटलं, ही स्वतःला काही करून घेईल. तर त्या म्हणाल्या, तुम्ही तिला पत्र लिहा. मी म्हटलं, तिला वाचता कुठे येतंय आता, सात वर्षं एक शब्द बोललेली नाही. त्या म्हणाल्या, लिहा तर खरं, हात मोकळे आहेत, कागद धरू दे. मला हसू आलं. म्हटलं, कुठल्या आशेवर? तर म्हणाल्या, आशेवर नाही, विश्वासावर. मला फरक कळला नाही. पण लिहिलं. मी काही शिकलेला माणूस नाही. आमच्याकडे शिकलेली तीच."

ते उठले, खणातून एक पाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं. आत घडी घातलेला कागद होता. त्यांच्या हातचं पत्र, मोठमोठ्या वाकड्या अक्षरांत. घरातलं, दुकानातलं, शेजाऱ्यांचं काहीबाही. "पुढच्या रविवारी गेलो तर तिने हे माझ्या हातात ठेवलं," म्हणाले. "तोंडाने काही नाही. नुसतं ठेवलं. तिचा तो शेवटचा रविवार."

धाकटे, त्या पत्रावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. रेघा वाकड्या, पण खुणा स्पष्ट आहेत. जिथे जिथे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं तिथे गोल. एक शब्द खोडून वर नीट लिहिलेला. एका वाक्याखाली दोन रेघा, आणि समासात, "हे पुन्हा लिहा." ते वाक्य असं होतं, की तुझ्यावाचून घरात करमत नाही. त्यात "करमत"चं "कर्मत" झालं होतं.

आणि खाली, कोपऱ्यात, "दहापैकी सहा. अक्षर सुधारा."

मी ते वाचलं आणि वर बघितलं तर ते भिंग परत डोळ्याला लावून बसले होते, पण टेबलावर घड्याळ नव्हतं.

"चौकशीत हे दाखवायला हवं होतं मी," म्हणाले. "रागात होतो. कोणाचं भलं होईल असं काही हातून द्यायचं नव्हतं मला. तुमच्या बहिणीला सांगा, सात वर्षांनी माझ्या बायकोने माझं पत्र तपासलं. नापास नाही केलं. एवढं त्यांना नक्की सांगा."

मी हो म्हटलं, आणि तिथून तडक घरी येऊन हे लिहायला बसले.

ताई